मार्शल नीलची बदली

सरकारी निवासस्थानात राहणाऱ्या माणसाची बाग बहुधा कुंड्यांतच असते. याचे कारण जागेची टंचाई हे नव्हे. आमच्या वसाहतीत तळमजल्यावरील प्रत्येक घरापुढे दहा-बारा हात जमीन मोकळी सुटलेली होती; परंतु तुळस कुंडीत, मोगरा कुंडीत, एवढेच काय, कढीलिंबही कुंडीतच वाढत असे. कुंडी उचलता येते. बदलीचा हुकूम हाती पडला की ती टेम्पोत गाद्यांच्या वळकटीशेजारी ठेवता येते. जमिनीत काही लावणे म्हणजे या गावी आपण बराच काळ राहणार आहोत असे लिहून देणे, आणि तसे लिहून देण्याचा अधिकार आमच्या श्रेणीतील कोणालाही नसतो.

आमच्या आधी त्या घरात राहून गेलेल्या मराठी गृहस्थांनी मात्र हा अलिखित नियम मोडला होता. व्हरांड्याच्या उजव्या खांबाशी त्यांचा एक वेली गुलाब होता. आम्ही जयपुरास रुजू होऊन त्या घरात आलो तेव्हाच तो छपरावर चढून पुढे पाण्याच्या टाकीपर्यंत पोचलेला होता. बुंधा मनगटाएवढा; त्यातून निघालेल्या चार मुख्य फांद्या, प्रत्येक बारा ते पंधरा फूट लांब. माघ संपता संपता त्यावर कळ्या दिसू लागत आणि फाल्गुनात सगळा व्हरांडा पिवळा होऊन जाई. या गुलाबाचे देठ नाजूक असल्याने फूल मान खाली घालते. सपाट वाफ्यातल्या झुडपाला हा दोष ठरला असता. पण वेल डोक्यावर असली म्हणजे खाली उभ्या असलेल्या माणसाकडे प्रत्येक फूल वाकून पाहत असल्यासारखे वाटते. वास मंद, चहाचा नवा डबा उघडताना येतो तसा.

याचे नाव मार्शल नील. १८६४ साली प्रादेल नावाच्या फ्रेंच बागवानाने तो बाजारात आणला आणि १८५९ च्या सोल्फेरिनोच्या लढाईत नाव कमावलेल्या सेनापतीचे नाव त्याला दिले. सेनापती १८६९ मध्ये वारला. त्याच्या लढाया आज कोणाच्या स्मरणात असतील असे वाटत नाही. गुलाब मात्र राहिला. इंग्लंडच्या थंडीत त्याला काचघराचा आसरा लागे. उत्तर हिंदुस्थानातील जुन्या बंगल्यांत तो उघड्यावर, उन्हात, हौसेने लावला जाई. जयपूरचे माळी त्याला ‘मारसल नील’ म्हणतात आणि ‘मारसल’ हे एखाद्या ठाकुराचे आडनाव असावे अशा सहजतेने म्हणतात.

घराच्या किल्ल्या देताना काकूंनी (त्या गृहस्थांच्या पत्नींना आम्ही पहिल्या दिवसापासून काकूच म्हणत आलो) गॅसची नळी, दूधवाला, वरच्या मजल्याची गळती यांविषयी दोन-दोन वाक्ये सांगितली आणि गुलाबाविषयी अर्धा तास. निवृत्तीनंतर ती दोघे कऱ्हाडला मुलाकडे गेली. दर फाल्गुनात काकांचा दूरध्वनी येई. प्रश्न ठरलेला असे : “यंदा किती?” आम्ही मोजून सांगत असू. एका वर्षी दोनशे चाळीसपर्यंत मोजून कंटाळलो, तर ते म्हणाले, “पुढचे उद्या मोजा.” छायाचित्र पाठवू का, असे विचारले असता छायाचित्रात मागच्या बाजूची फुले दिसत नाहीत, असे त्यांचे उत्तर. चार वर्षांपूर्वी काका गेले. त्यानंतरच्या फाल्गुनात दूरध्वनी येईल की नाही याचा आम्हांला अंदाज नव्हता. आला. या वेळी आवाज काकूंचा होता आणि प्रश्न तोच.

अशा स्थितीत आमची इमारत राहण्यास अयोग्य ठरवण्यात आली. ती पाडून तेथे नवी उंच इमारत बांधायची, आणि रहिवाशांना तीन-साडेतीन किलोमीटरवरील दुसऱ्या वसाहतीत घरे द्यायची, असा हुकूम निघाला. मुदत होती जानेवारीअखेरपर्यंतची. हुकूम रास्तच होता. जिन्याचे गज बाहेर आले होते आणि पावसाळ्यात आम्ही बादल्या मांडून झोपत होतो. प्रश्न होता तो गुलाबाचा.

कचेरीत या प्रश्नाची चर्चा रीतसर झाली. घर सोडताना जी सामानाची यादी तपासून द्यावी लागते तीत पंखे, दिवे, नळ, खिडक्यांच्या काचा, सगळे होते, गुलाब नव्हता. एका सहकाऱ्याचे म्हणणे असे पडले की आवारातील वृक्ष ही सरकारी मालमत्ता होय. दुसऱ्याने शंका काढली की वेल हा वृक्ष आहे काय. तिसऱ्याने सुचवले की अर्ज करून परवानगी मागावी. यावर सर्वांत ज्येष्ठ असलेल्या गृहस्थांनी चहाचा पेला खाली ठेवून विचारले, “उत्तर येईपर्यंत गुलाब थांबेल काय?” आम्ही अर्ज केला नाही. पाडकामाच्या ठेकेदाराचे यंत्र ज्याला तासाभरात मातीत घालणार होते, त्याच्यावर हक्क सांगायला कोणी येईल असे आम्हांला वाटले नाही.

अधिक अवघड शंका घरातली होती. एवढा जुना, इतका रुजलेला वेल हलवता येतो काय? आमच्या पत्नीचे मत स्पष्ट होते : हलवून मारण्यापेक्षा येथेच शेवटचा फाल्गुन पाहून घ्यावा, निदान काकूंना आकडा सांगता येईल. पण मुदत जानेवारीची होती आणि फाल्गुन त्यापुढे होता, तेव्हा तोही मार्ग नव्हता.

आम्ही आमच्या सवयीप्रमाणे प्रथम पुस्तकाकडे वळलो. डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांचा भारतातील गुलाबांवरील ग्रंथ १९६६ साली निघाला. पाल हे गव्हाच्या जातींवर काम करणारे शास्त्रज्ञ, दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचे संचालक आणि पुढे १९६५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक. म्हणजे बोलूनचालून केंद्र सरकारचा नोकर! कामाच्या वेळात गव्हाला तांबेऱ्यापासून वाचवावे आणि उरलेल्या वेळात गुलाबाच्या नव्या जाती निर्माण कराव्यात, असा या अविवाहित माणसाचा क्रम होता. आम्हां फायलींत बुडालेल्यांना अशा थोर सरकारी नोकराचा आधार वाटतो हे कबूल केले पाहिजे. तथापि पुस्तकाने धीर दिला तरी हातात पहार येत नाही. ती आणली रामनिवास बागेत पूर्वी काम केलेल्या एका म्हाताऱ्या माळ्याने.

त्याने गुलाबाभोवती दोन फेऱ्या मारल्या, बुंध्याजवळची माती बोटाने उकरून कलमाची गाठ पाहिली आणि सांगितले, “बाबूजी, दोन महिने पाहिजेत. खणायला एक सकाळ पुरे. तयारीला दोन महिने.” तो दिवस कार्तिकातला होता. आमची मुदत आणि त्याची मुदत यांत थोडेच अंतर उरत होते.

त्याची रीत येथे सविस्तर सांगतो, कारण वाचकांपैकी कोणावर हा प्रसंग येणारच नाही असे नाही. जुन्या झाडाची जाड मुळे केवळ आधाराची आणि साठवणीची असतात. पाणी पिण्याचे काम करतात ती टोकाकडची केसांसारखी बारीक मुळे, आणि ती बुंध्यापासून लांब पसरलेली असतात. झाड सरळ उपटले तर तोंडे मागे राहतात आणि पोट तेवढे बरोबर येते. म्हणून त्याने बुंध्यापासून दीड फुटावर वर्तुळ आखले, पण चर खणला तो अर्ध्याच वर्तुळाचा. त्या बाजूची मुळे धारदार फावड्याने तोडली आणि चरात कुजलेल्या पानांचे खत आणि वाळू भरून पाणी दिले. तीन आठवड्यांनी उरलेला अर्धा भाग. अशा रीतीने झाड जागेवर असतानाच त्याला बुंध्याजवळ नवी तोंडे फुटतात आणि एका बाजूने उपाशी असताना ते दुसऱ्या बाजूने जेवत राहते. नव्या घरी त्याच वेळी अडीच फूट खोल खड्डा खणून उन्हाला उघडा टाकला. जयपूरच्या रेताड जमिनीत वाळवी फार. तेव्हा मुरलेल्या शेणखताबरोबर निंबोळी पेंडही पडली.

इथपर्यंत सर्व सुरळीत झाले. खरा प्रसंग ओढवला तो छाटणीच्या दिवशी.

मुळे निम्मी तुटली म्हणजे वरचा पसाराही कमी झाला पाहिजे, कारण प्रत्येक पान उन्हात पाणी उडवीत असते आणि ते भरून देणारे खाली कोणी उरलेले नसते. आमच्या खात्याच्या भाषेत सांगायचे तर जमा आटली की खर्चाला कात्री. हे तत्त्व आम्हांला पटलेले होते. पण माळी जेव्हा पंधरा फुटांच्या फांदीवर जमिनीपासून दोन फुटांवर बोट ठेवून “यहाँ से” म्हणाला, तेव्हा तत्त्व आणि फांदी यांत केवढे अंतर असते ते कळले. शिवाय मार्शल नील आपली मुख्य फुले आदल्या वर्षाच्या लांब फांद्यांवर देतो. त्या फांद्या गेल्या की त्या फाल्गुनात फूल नाही, आणि पुढच्या फाल्गुनाचाही भरवसा नाही. झुडपी गुलाब आपण दरवर्षी ऑक्टोबरात निर्दयपणे छाटतो आणि सहा-सात आठवड्यांत तो फुलून येतो. वेलीचे तसे नसते. तिचे सारे भांडवल लांबीत असते.

पत्नी म्हणाल्या, निम्मी ठेवा. माळी म्हणाला, निम्मी ठेवली तर पूर्ण जाईल. आम्ही मधला आकडा सुचवला. कचेरीत मधला आकडा बहुधा मान्य होतो. येथे दोघांनीही आमच्याकडे पाहिले नाही. अर्धा-पाऊण तास वाद झाला. “काकूंना काय सांगायचे?” हा प्रश्न पत्नींनी तीनदा विचारला आणि तिन्ही वेळा माळ्याला, ज्याला काकू कोण हे ठाऊक नव्हते. अखेर म्हातारा खाली बसला, विडी पेटवली आणि शांतपणे म्हणाला, “बीबीजी, फूल चाहिए कि झाड?”

यानंतर पत्नींनी त्याच्या हातातली करवत घेतली आणि चारही फांद्या स्वतः कापल्या. दोन फुटांवर. मग आत निघून गेल्या. पुढचा तासभर स्वयंपाकघरातून भांड्यांचे जे आवाज येत होते ते घासण्याचे नव्हते.

कापलेल्या फांद्या वाया गेल्या नाहीत. माळ्याने पेन्सिलीएवढ्या जाडीचे तुकडे निवडून ओल्या फडक्यात गुंडाळले. त्यांवरचे वीस डोळे त्याने आपल्याकडील देशी गुलाबाच्या खुंटांवर भरले, कारण उत्तरेकडे डोळे भरण्याचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो. पुढे त्यांपैकी सात धरले. हा विमा होता. पण पत्नींचे म्हणणे असे की विम्याचे पैसे मिळाल्याने माणूस परत येत नाही.

पौषात एका सकाळी झाड काढले. दोन दिवस आधी पाणी देऊन माती घट्ट करून ठेवली होती, नाहीतर येथील रेताड मातीची हुंडी हातात राहत नाही. जी फांदी पूर्वेकडे होती तिला तांबडा दोरा बांधला, म्हणजे नव्या जागीही तेच अंग पूर्वेला ठेवता यावे. पहारीने खालून उचलताना माळी एकदम थांबला. वाकून त्याने मुळांत हात घातला आणि काळे पडलेले काहीतरी ओढून काढले. सुतळी होती. तिच्याबरोबर गोणपाटाचा कुजका तुकडा आला. मग त्याने एक जाड मूळ पुसून दाखवले. ते कधीकाळी सरळ कापले गेले होते आणि कापाभोवती गाठ येऊन त्यातून चार मुळे फुटली होती. “यह पहले भी चला हुआ है,” तो म्हणाला. कुठून, केव्हा, कोणी, हे आम्हां कोणालाच ठाऊक नव्हते.

हुंडीला ओले गोणपाट गुंडाळून झाड हातगाडीवर चढवले. थंडीचे धुके, गाडीवर गोणपाटातून वर आलेले चार खुंट, एका बाजूस माळी आणि दुसऱ्या बाजूस आम्ही, असे निघालो. वाटेत एका कचोरीवाल्याने अत्यंत गंभीरपणे विचारले, “कौन से ठाकुरजी पधार रहे हैं?” जयपुरात हा प्रश्न हास्यास्पद नाही. येथील आराध्यदैवत गोविंददेवजी स्वतः वृंदावनाहून आलेले आहेत. तेथील त्यांचे मंदिर आमेरच्या राजा मानसिंगाने १५९० मध्ये बांधले होते; औरंगजेबाच्या काळात मूर्तीला ते सोडावे लागले आणि ठिकठिकाणी मुक्काम करीत ती अखेर सवाई जयसिंहाच्या जयनिवास बागेत, म्हणजे एका बागेतच, येऊन स्थिरावली. त्याच जयसिंहाच्या पदरी मूळचे महाराष्ट्रीय जगन्नाथ सम्राट होते. युक्लिडचे भूमितीशास्त्र अरबीतून संस्कृतात आणणारे ते हेच. १७२७ साली वसवलेल्या या शहरात बाहेरून आणून लावलेले पुष्कळ काही आहे, तेव्हा आमच्या गाडीकडे कोणी वळून पाहिले नाही.

लावणे अर्ध्या तासात झाले. कलमाची गाठ पूर्वी होती त्याच पातळीवर, तांबडा दोरा पूर्वेला, माती पायाने दाबून दोन घागरी पाणी, कापांवर शेण-मातीचा लेप. त्यानंतर वाट पाहण्याखेरीज काही करायचे नव्हते, आणि बागकामात तेवढेच काम कठीण. रात्री पारा चार-पाचपर्यंत उतरला तेव्हा खुंटांवर पोती टाकली. पाणी जास्त झाले तर तुटलेली मुळे कुजतात, कमी झाले तर सुकतात. शिवाय हिशेब उघड होता : होळीपर्यंत नवी मुळे धरली तर ठीक, नाहीतर चैत्र-वैशाखातली लू या अर्धमेल्या झाडाला काही विचारणार नाही. हाती जेमतेम साठ-सत्तर दिवस होते.

जानेवारीच्या शेवटी एक फांदी वरून काळी पडू लागली आणि महिन्याभरात खालपर्यंत गेली. दुसरी तिच्या मागोमाग. मग एका सकाळी बुंध्याशी हिरवा, जोमदार कोंब दिसला. आम्ही उभयतांनी शेजाऱ्यांना पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. माळ्याने येऊन माती उकरली, कोंब कोठून निघाला ते पाहिले आणि एका झटक्यात तो ओरबाडून काढला. तो गाठीच्या खालून आलेला होता. म्हणजे खुंटाचा, देशी गुलाबाचा. मार्शल नील मेला तरी हा खुंट सुखाने वाढला असता आणि आम्ही वर्षभर भलत्याच झाडाला पाणी घातले असते. कात्रीने कापला तर पुन्हा फुटतो, म्हणून ओरबाडायचा, असेही त्याने सांगितले. पत्नी त्या दिवशी त्याच्याशी बोलल्या नाहीत.

फाल्गुन लागला तेव्हा झाडाची अवस्था अशी होती : चार खुंटांपैकी दोन मेलेले, तिसरा निश्चल, आणि चौथ्यावर, तांबड्या दोऱ्याच्या वर दोन बोटे, तांदळाएवढा तांबूस डोळा. तो आज आहे तसाच काल होता की फुगला आहे, यावर घरात मतभेद होते. आणि त्याच आठवड्यात कऱ्हाडहून दूरध्वनी आला.

तो पत्नींनीच घेतला. काय सांगायचे याचा आमचा विचार बरेच दिवस चालला होता; जगले तर जगल्याचे सांगावे, मेले तर कलमे धरल्याचे सांगावे, तोवर गप्प राहावे, असे आमचे मत. पत्नींनी एका दमात इमारत, हुकूम, चर, करवत, सगळे सांगून टाकले. पलीकडे काही क्षण शांतता होती. मग काकूंनी विचारले, “प्रत्येक फांदीवर डोळे किती ठेवलेत?”

चार-पाच, असे पत्नींनी सांगितले.

“बरोबर. ह्यांनी पण तेवढेच ठेवले होते.”

मग सुतळीचा उलगडा झाला. काका-काकू प्रथम त्याच वसाहतीत मागच्या ओळीत, पहिल्या श्रेणीच्या घरात राहत होती. बढती होऊन मोठे घर मिळाले तेव्हा गुलाब सात वर्षांचा झालेला होता. काकांनी रविवारच्या दोन सुट्ट्या घालवून तो हलवला, तोही अशाच दोन फुटांवर छाटून. “त्या दिवशी मी जेवले नव्हते,” काकू म्हणाल्या. “वर्षभर ह्यांना बोलत होते. दुसऱ्या वर्षी अकरा फुले आली, तेव्हा थांबले.” हे इतकी वर्षे सांगितले कसे नाही, असे पत्नींनी विचारले, तर उत्तर आले, “तुम्ही विचारले कुठे? तुम्हांला तो तिथलाच वाटत होता, तर वाटू दिला.” आणि लगेच, “पूर्वेची बाजू पूर्वेलाच ठेवलीत ना?”

डोळा फुगला होता. होळीच्या आधी तो बोटभर कोंब झाला, आणि तिसऱ्या खुंटानेही मागाहून हालचाल केली. उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधून, सकाळ-संध्याकाळ पाणी घालून, दुपारी तिकडे न पाहता तो तगवला. जयपूरला वर्षाकाठी पाऊस साठ सेंटिमीटरच्या आसपास, तोही लहरी. पण या वर्षी आषाढ बरा गेला आणि वेल एकदम वर सरकला. हे लिहीत असताना त्याची एक फांदी सात फूट आहे, दुसरी चार. फाल्गुनात काय होईल ते फाल्गुनात.

भरलेल्या सात कलमांपैकी एक काकूंना हवे होते. आमचे साताऱ्याचे एक सहकारी दिवाळीला रजा प्रवास सवलतीवर घरी निघाले. त्यांनी पुण्याच्या गाडीत रोप पायाशी, तेलाच्या रिकाम्या डब्यात ठेवून नेले. रात्री वरच्या बर्थवरील प्रवाशाच्या चपलेने एक पान तुटल्याचे त्यांनी प्रामाणिकपणे कळवले. रोप पोचल्याचा काकूंचा दूरध्वनी आला तेव्हा आम्ही हौसेने सांगू लागलो की गाठीखालून फुटवा आला तर कापायचा नाही, ओरबाडायचा.

काकू म्हणाल्या, “बरं बरं. मोजायला शिकवलं तुम्हांला आम्हीच.”